उष्टं पान

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तीन दिवस उरले असताना हेमांगीने आपल्या सासऱ्यांचा एकतीस वर्षं सांभाळलेला शब्द ओव्हनमध्ये घालून भाजला. एकशे तीस डिग्रीला, अर्धा-अर्धा तास, पाच खेपांत. भाजून झाल्यावर ओटीवर वर्तमानपत्र पसरून तिने तो गार करायला मांडला, आणि छान झालंय असं स्वतःच स्वतःला सांगितलंही.

तिची बाजू आधी मांडलेली बरी, कारण पाम गावात नव्या सुनेची बाजू मांडायला सहसा कुणाला सवड नसते. हेमांगी बोईसरची. तिचे वडील पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जळगावाहून कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. बोईसर पामपासून रिक्षाने पंधरा मिनिटांवर, पण गावाच्या हिशेबात ती बाहेरची. गेल्या वैशाखात लग्न झालं, म्हणजे ही पहिली संक्रांत. काळी साडी आली होती, हलव्याचे दागिने आले होते, आणि सव्वीस बायका सून बघायला म्हणून हळदीकुंकवाला येणार होत्या. वाण काय लुटायचं, एवढंच ठरायचं होतं.

हा प्रश्न साधा नव्हता. हेमांगीच्या सासूबाई रत्नाबाई यांना शेजाऱ्यांचे वाढदिवस आठवत नसत, स्वतःच्या गोळ्यांच्या वेळा आठवत नसत, पण गेल्या चाळीस वर्षांत कुणी कुठल्या साली काय वाण दिलं हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगत. प्रेमलाने अकरा साली प्लास्टिकची गाळणी दिली, तिचा दांडा रथसप्तमीच्या आत मोडला. मेघालीने एका वर्षी साबणाची डबी दिली आणि दुसऱ्या वर्षी विसरून तीच दिली. कमळीने दिलेला आरसा इतका लहान होता, की त्यात एका वेळी एकच डोळा मावे. अशी ही जमाखर्चाची वही रत्नाबाईंच्या डोक्यात होती, आणि येणाऱ्या सव्वीस जणींच्या डोक्यातही तशीच एकेक वही असणार, याची त्यांना खात्री होती.

"स्टीलच्या वाट्या देऊ," त्या म्हणाल्या. "वाटीला कोण नाव ठेवत नाय."

"आई, वाट्या सगळ्यांकडे आहेत. मी घरी करते ना काहीतरी. दागिने ठेवायची छोटीशी तबकडी. पॉलिमर क्लेची. मला येते."

"दागिने ठेवायला कपाट हाय की."

"तसं नाही. झोपताना कानातलं काढतो, अंगठी काढतो, ती ठेवायला."

"आमी काढत नाय," रत्नाबाई म्हणाल्या. "काढून कोणासाठी ठेवायचं? चोराची सोय?"

पण घरी केलेलं वाण पाममध्ये आजवर कुणी दिलं नव्हतं, हे वहीत डोकावल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे परवानगी, एवढं हेमांगी नऊ महिन्यांत शिकली होती. नवऱ्याने, म्हणजे केदारने, या सगळ्या प्रकरणात दोन कामं केली: बोईसरहून माहेरचा ओव्हन बाइकवर आणला, आणि दोघींनाही वेगवेगळं गाठून "तू म्हणतेस ते बरोबर आहे" असं सांगितलं.

कुरियरने क्लेची पाकिटं आली, काळी आणि पांढरी. ही माती हाताच्या उबेने मऊ होते, म्हणून आधी कणकेसारखी मळत बसायची. पांढऱ्या मातीला कुठलाही धागा, कुठलंही कुसळ चिकटतं, म्हणून हेमांगी दोन दिवस केदारचा जुना पांढरा शर्ट घालून वावरली, आणि प्रेमलाकाकींनी कुंपणापलीकडून "सुनेला कपडे देत नाय काय गं रत्ना?" असं विचारून घेतलं. काळ्यात पांढरं पिळून, दुमडून, पुन्हा पिळून तिने रेघा-रेघांचा गोळा केला. रत्नाबाईंनी पापडाचं लाटणं लपवून ठेवलं, म्हणून काचेच्या बाटलीने लाटला. लाडवाच्या डब्याच्या झाकणाने गोल चकत्या कापल्या, आणि भाजताना खोलगट आकार राहावा म्हणून एकेक चकती एकेका स्टीलच्या वाटीत बसवली.

"शेवटी वाट्याच लागल्या ना?" रत्नाबाई म्हणाल्या.

मधोमध मात्र काहीतरी हवं होतं. नुसती तबकडी कुणीही करील. आणि घरात बन्सी होते.

बन्सी म्हणजे तिचे सासरे, डायवाले बन्सी. पोलादाच्या ठोकळ्यात छिन्नीने नक्षी खोल कोरायची, त्यावर सोनाराने सोन्याचा पत्रा ठेवून ठोकला की नक्षी उठून येते. त्या ठोकळ्याला डाय म्हणतात. इकडे चिंचणी-तारापूरच्या बाजूला कित्येक घरांच्या ओट्यांवर हे काम चालत आलं आहे. बन्सींनी ते बेचाळीस वर्षं केलं. मग कॉम्प्युटरवर डाया निघायला लागल्या, आणि त्याच सुमाराला त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. यातलं आधी काय झालं याबद्दल ते स्वतः रोज वेगळं सांगत. हत्यारं आणि राहिलेल्या डाया पलंगाखालच्या पेटीत गेल्या.

"बाबा, तुमच्या जुन्या डाया घेऊ? मातीत ठसे उठवते," हेमांगीने विचारलं.

तीन वर्षांत त्या पेटीचं नाव कुणी काढलं नव्हतं. बन्सींना इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून ते चपला शोधायला लागले. "घे हव्या त्या. ओल्या हातानं धरू नको, गंज धरेल," म्हणाले आणि वाडीत निघून गेले.

पेटीत मोर होते, कमळं होती, कोयऱ्या होत्या. सगळ्या कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पाहिलेल्या. अगदी तळाशी लाल फडक्यात गुंडाळून, वर सुतळीने बांधलेली एक डाय निघाली. विड्याचं पान, देठासकट, शिरा केसाएवढ्या बारीक. इतकं जपून गुंडाळलंय म्हणजे हीच सगळ्यात चांगली असणार, असं हेमांगीला वाटलं. हा तिच्या माहेरचा हिशेब. सासरचा हिशेब असा, की जे गुंडाळून बांधलंय ते सोडायचं नसतं. चूक झाली ती एवढीच.

पानाची एक कड मात्र तुटल्यासारखी होती. वरच्या बाजूला अर्धचंद्र कुरतडलेला. डाय झिजली असेल, असं समजून तिने प्रत्येक ठशात त्या जागी चिमूटभर माती भरली, सुईने शिरा ओढून पान पुरं केलं. सव्वीस वेळा. इतकं बेमालूम, की तिचं तिलाही सापडू नये.

गुरुवारी दुपारी बन्सी वाडीतून आले, पाय धुतले आणि ओटीवर चढले. वर्तमानपत्रावर सव्वीस तबकड्या, आणि सव्वीस तबकड्यांत सव्वीस पानं.

ते वाकले नाहीत, हात लावला नाही. उभ्या उभ्या बघितलं आणि विचारलं, "लाल फडकं कुठं हाय?"

हेमांगीने आणून दिलं. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. चहा आला, गार झाला, परत गेला. तेव्हा मात्र रत्नाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, कारण बन्सी जेवणावर रुसत, बायकोवर रुसत, चहावर कधी रुसत नसत.

"काय झालं?"

"ते प्रतापचं पान हाय," बन्सी म्हणाले.

रत्नाबाईंनी तबकड्यांकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अगो बाई. पेटीत होतं काय ते? मला वाटलं तुमी देऊन टाकलंत."

मग हेमांगीला सगळं कळलं. कोळगावचे प्रतापशेठ, ज्यांच्या पानवेलींच्या वाड्या होत्या, एकतीस वर्षांपूर्वी काड्यापेटीच्या पाठीवर स्वतः काढलेलं चित्र घेऊन याच ओटीवर आले होते. बायकोसाठी पदक करायचं होतं. ते बन्सींना म्हणाले, डाय सोनाराकडे ठेवायची नाही. त्याच्याकडे राहिली की दिवाळीच्या आत दहा गळ्यांत दिसेल. तू ठेव. एकच पदक होणार. दुसरा ठसा नाही, सोन्यात नाही, शिशात नाही, मेणातसुद्धा नाही.

"मी म्हटलं, नाय," बन्सी म्हणाले. एवढाच करार. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यानंतर पालघरचा एक सोनार तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. प्रतापशेठ वारले त्यालाही बारा वर्षं झाली. पण ज्याला शब्द दिला तो गेला म्हणून शब्द सुटतो, असं काही बन्सींना कुणी शिकवलं नव्हतं.

"बाबा, पण ही माती आहे," हेमांगी म्हणाली. "दागिना थोडाच आहे?"

"ठसा तो ठसाच."

"मग या वाटायच्याच नाहीत. मी फोडून टाकते."

"सव्वीस बायकांना सांगून बसलेय मी, माझी सून घरी करते म्हणून!" रत्नाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "पण वाटूनबी चालायचं नाय. प्रतापशेठनी ते पदक सुगंधाच्या गळ्यात घालून अख्ख्या तालुक्यातली लग्नं फिरवलीत. बघितल्याबरोबर ओळखतील."

"वाटा नायतर फोडा," बन्सी म्हणाले. "ठसा उठायचा तो उठला. मी उद्या कोळगावला जातो. डाय सुगंधाच्या हातात देतो. सांगतो, एवढी वर्षं राखली, पुढं नाय राखता आली."

खुब्याच्या दुखण्याने ज्यांना वाडीच्या फाटकापर्यंत दोनदा बसावं लागे, ते कोळगावला निघाले होते. आणि तिथे जाऊन ते काय सांगणार होते, तर आपण खोटे ठरलो. हेमांगीला तबकड्यांचं काही वाटेना, हळदीकुंकवाचंही वाटेना. तिला एवढंच दिसलं, की या माणसाकडे आता हात नाही, काम नाही, गिऱ्हाईक नाही. जे उरलं होतं ते आपण बाटलीने लाटून भाजलं.

"मी जाते," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

"तू काय सांगशील?"

"झालं ते."

बन्सींनी खिशातलं फडकं चाचपलं. "डाय नेऊ नको," म्हणाले. म्हणजे जा.

शुक्रवारी सकाळी एक तबकडी रुमालात आणि रुमाल डब्यात घालून ती निघाली. बोईसरपर्यंत रिक्षा, पुढे पालघरची एसटी. वाटेत तिने बोलायची सात वाक्यं तयार केली, कोळगावला उतरेपर्यंत त्यातली पाच खोडली, आणि दार उघडल्यावर उरलेली दोनही विसरली.

सुगंधाबाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, ताठ. मोठी सून जिल्हा कार्यालयात कामाला, धाकटीचं पालघरात शिवणाचं दुकान. मुलं आपापल्या नोकऱ्यांवर. घरात त्या एकट्याच. हेमांगीने आपण कोण ते सांगितलं.

"बन्सीभाऊंची सून? ती बोईसरची?" त्यांनी तिला वरून खाली एकदा आणि खालून वर एकदा वाचून काढलं. "बस. शेंगा सोलता येतात काय?"

शेंगा सोलता सोलता हेमांगीने सगळं सांगितलं. पेटी, लाल फडकं, सव्वीस ठसे, भिंतीकडे तोंड करून बसलेले बाबा. शेवटी डबा उघडून तबकडी पुढे ठेवली.

"हे वाण काय?" सुगंधाबाई म्हणाल्या. "आमाला आता कोण देतं वाण? तू चुकलीस म्हणून बघायला तरी मिळालं."

हेमांगीच्या लक्षात आलं, सव्वीस नावांच्या यादीत हे नाव का नव्हतं ते. ते का वगळलंय असं घरात विचारायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिने पुढची शेंग सोलायला घेतली.

सुगंधाबाईंनी चष्मा लावला, तबकडी उजेडाकडे धरली आणि पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, मग परत एकदा.

"हे माझं नाय."

"तुमचंच आहे. त्याच डायेचं."

"माझं पान खाल्लेलं हाय. हे पुरं हाय."

"ते... मला वाटलं डाय झिजलीय. म्हणून मी माती भरली तिथे. सगळ्यांतच भरली."

सुगंधाबाईंनी तबकडी मांडीवर ठेवली. आधी त्यांचे खांदे हलले, मग तोंडाला पदर लागला, आणि मग खोकला येईपर्यंत त्या हसल्या. "अगो, माझ्या नवऱ्यानं खाल्लेला घास तू परत आणून ठेवलास! सव्वीस वेळा!"

लग्नात विडा तोडायचा असतो तेव्हाची ती गोष्ट. विडा नवरीच्या दातांत, पुढे आलेला अर्धा नवऱ्याने तोंडाने तोडायचा. भोवती करवल्या, मावश्या, आरडाओरडा. प्रतापशेठ तेव्हा तेवीस वर्षांचे, पानांच्या वाड्यांचे मालक, आणि समोर सुगंधा. त्यांना इतकी लाज वाटली, की अर्धा विडा सोडाच, पानाची नुसती कड कुरतडून मागे सरले.

"उंदरानं खाल्ल्यासारखी," सुगंधाबाई म्हणाल्या. "माझी मावशी मरेपर्यंत त्यांना उंदीरजावई म्हणायची. त्यांना राग यायचा. पण मग वीस वर्षांनी पदक घेऊन आले, तर त्यावर तेच. उष्टं पान. म्हणाले, बाकीच्या बायकांच्या गळ्यात फुलं असतात, ती कुणाच्याबी गळ्यात चालतात. हे तुझ्याशिवाय कुणाला चालायचं नाय."

"ते पदक बघायला मिळेल मला?" हेमांगीने विचारलं. "एकदाच."

सुगंधाबाईंनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे टोपलीत टाकले. मग दुसरी.

"नाय," त्या म्हणाल्या. "ते नाय आता."

हेमांगीने टोपली त्यांच्याकडे सरकवली.

"दोन सुना, एक पदक. हे गेले आणि चौथ्या वर्षी दोघींचं बोलणं बंद झालं. तोंडानं कोण काय म्हणत नव्हतं, पण मला दिसत होतं, मी कोणाला देते हे बघत बसल्यात. पानाचे दोन तुकडे कसे करायचे? गाळलं. पालघरला जाऊन समोर बसून गाळून घेतलं, आणि दोघींना सारख्या वजनाच्या कुड्या केल्या. सोनाराला दोनदा तोलायला लावलं."

"मग मिटलं?"

"मिटतं कुठलं! दोघींनाबी वाटतं, दुसरीच्या जड हायत. पण बोलतात तरी. आणि बाहेर कुणाला सांगत नाय, कारण सांगितलं तर दुसरीलाबी मिळाल्या हे सांगावं लागतं." सुगंधाबाई गालात हसल्या, मग तबकडीकडे बघून थांबल्या. "मीबी कुणाला सांगितलं नाय. लोकांना वाटतं, पेटीत हाय. वाटू दे."

"बाबांना माहीत नाही?"

"बन्सीला तर मुळीच नाय सांगायचं. तो अजून दारात उभा राहून राखण करतोय. त्याला कसं सांगू, आत काय नाय म्हणून?"

अंगणात एक कोंबडी येऊन सालं उकरायला लागली. सुगंधाबाईंनी तिला हाकललं नाही. हेमांगीला एकदम कळलं, की आपण चूक सांगायला आलो होतो आणि आता निघताना काहीतरी घेऊन निघणार आहोत.

"वाटू नको," सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज पुन्हा व्यवहाराचा झाला. "मला राग आला म्हणून नाय. पहिली बाई बघून म्हणेल, सुगंधाचं पदक असंच होतं ना गं? दुसरी म्हणेल, हल्ली दिसत नाय ते. तिसरी तीळगूळ घेऊन माझ्या दारात येईल. बायका मला माहीत हायत, मीबी त्यातलीच. पुसून टाक सगळी. पंचवीस."

"सव्वीस आहेत."

"पंचवीस पूस. एक मला पायजे. ही अशी नको पण. घास काढून आण."

निघताना त्यांनी तिला दारात अडवलं. "कुणाला सांगणार नायस ना?"

"नाही."

"नवऱ्याला?"

हेमांगीच्या लग्नाला नऊच महिने झाले होते. अजून ती केदारला बसमध्ये कोण शेजारी बसलं तेसुद्धा सांगत असे. "त्यालाही नाही," ती म्हणाली.

"शब्द देऊ नको. नुसतं सांगू नको," सुगंधाबाई म्हणाल्या. "शब्द दिला की माणूस भिंतीकडे तोंड करून बसतो."

घरी बन्सी ओटीवरच बसून होते. बहुधा सकाळपासून.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, बन्सीभाऊंकडून काही चुकलं नाही. सून नवी आहे, सुनेकडून चुकलं. पंचवीस पुसून टाका, आणि एक त्यांना द्या."

"रागावली नाय?"

"हसल्या. खूप हसल्या."

बन्सींनी यावर विश्वास ठेवायला थोडा वेळ घेतला. मग उठले आणि पलंगाखालून हत्यारांची पेटी ओढली. चहा मागितला. रत्नाबाईंनी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली, आणि बाहेर येऊन "नुसता दोन दिवस जीव खाल्ला माझा" म्हणाल्या.

शनिवारी सगळं घर घासत बसलं. भाजलेली माती परत मऊ होत नाही; उठलेलं पान कानशीने सपाट करायचं आणि मग पाण्याखाली वॉटर पेपरने घासून गुळगुळीत. केदारला सुट्टी होती, त्याला वॉटर पेपर आणायला बोईसरला पिटाळलं. तो चुकीच्या नंबरचा घेऊन आला, परत पिटाळलं. बन्सी शिकवत होते. हात थरथरत होता, पण जीभ थरथरत नव्हती.

"एका बाजूनं चालव. पुढं जाताना घास, मागं येताना उचल. कानस म्हणजे खराटा नाय."

"असं?"

"असं. वजन खांद्यातून दे. बोटातून देशील तर खड्डा पडेल."

पहिलं पान गेलं तेव्हा हेमांगीला वाईट वाटलं. पण वरचा थर गेल्यावर खाली काळ्यात पिळलेल्या पांढऱ्या रेघा उघड्या पडल्या, लाकडाच्या आत असतात तशा, आणि प्रत्येक तबकडीत वेगळ्या. हे तिने ठरवलेलं नव्हतं. रत्नाबाईंनी एकेक तबकडी हातात घेतली आणि तिथल्या तिथे वाटणी लावली: "ही मेघालीला. ही सोमीला, तिला एवढं कळत नाय. हिच्यात डाग दिसतो, ही प्रेमलाला. अकरा सालची गाळणी माझ्या लक्षात हाय."

रविवारी हळदीकुंकू झालं. सून काळ्या साडीत आणि हलव्याच्या दागिन्यांत चांगली दिसली, हे सव्वीस जणींनी कमी-जास्त खुशीने मान्य केलं. वाण उलटसुलट करून बघितलं गेलं. "मधे चित्र नाय काढलंस?" प्रेमलाकाकींनी विचारलं. "मला वाटलं, बन्सीभाऊंच्या घरचं म्हणजे नक्षी तरी असेल."

"साधंच बरं दिसतं, काकी," हेमांगी म्हणाली.

एक तबकडी मात्र कमी पडली, कारण एक सुगंधाबाईंची होती. रत्नाबाईंनी सव्विसाव्या बाईला, म्हणजे शेजारच्या कमळीला, स्टीलची वाटी दिली. कमळी ती घेऊन जाताना सगळ्यांत जास्त खूश दिसत होती.

सोमवारी सकाळी, ऊन ओटीवर आल्यावर, बन्सींनी ती शिल्लक तबकडी मागून घेतली. भिंग डोळ्याला लावलं. पोलादाला लावायची छिन्नी बाजूला ठेवली आणि सगळ्यात बारीक कोरणी निवडली. उजवं कोपर भिंतीला घट्ट टेकवलं, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. हात तरीही थरथरतच होता. पोलादावर असा हात चालला नसता. पण या मातीचं एक बरं, तिला घाव लागत नाही, नुसता दाब पुरतो. हेमांगीने भरलेली चिमूटभर माती सालपटासारखी निघायला लागली.

"किती खाल्लेलं होतं?" तिने विचारलं.

"थोडंसं." बन्सींनी फुंकर मारली. "प्रतापनं चित्रात जास्त काढलं होतं, अर्धं. मी म्हटलं, अर्धं काढलं तर पान राहतं कुठं? तर म्हणाला, खरं सांगू काय बन्सी, मी एवढंसंच खाल्लं होतं. मग त्यानं पुसून परत काढलं."

अर्धचंद्र मोकळा झाला. त्यांनी कड बोटाने तपासली, पुन्हा एकदा कोरणी फिरवली, आणि तबकडी उन्हात धरून बराच वेळ बघितली. मग विचारलं, "पदक घालते काय अजून?"

हेमांगीने वर्तमानपत्रावरचा भुगा गोळा करायला घेतला. "घरातच होत्या, बाबा. घरात कोण घालतं?"

"ते बी खरंच." त्यांनी अंगठ्याचं पेर तबकडीच्या मध्यावर ठेवून माप घेतलं, मग तेच पेर कडेपर्यंत सरकवलं. "सव्वा इंच होतं. वर कडी. बसेल यात. पण कड जरा उंच पायजे होती गं. सोन्याची वस्तू हाय, रात्री हात लागून पडली म्हणजे?"

भुगा सगळा गोळा झाला होता. तरी तिने वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली आणि पुन्हा घातली.

"नाही पडणार, बाबा," ती म्हणाली. "त्या जपून ठेवतात."